आधी गाऊन दाखव

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीवर यादव राजा सिंघण राज्य करत होता, तेव्हा त्याच्या दरबारात हिशेबाच्या दप्तराची जबाबदारी एका विद्वानाकडे होती. त्याचे आजोबा काश्मीर सोडून दक्षिणेत आलेले. घराण्यात वैद्यकाची विद्या होती आणि त्याला स्वतःला ओढ होती ती गाण्याची. या माणसाचे नाव शार्ङ्गदेव. त्याने लिहिलेला 'संगीतरत्नाकर' हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही पद्धतींचे अभ्यासक आजही आधाराला घेतात. भारतीय संगीतशास्त्राचा इतका मोठा ग्रंथ मराठवाड्याच्या मातीत लिहिला गेला, ही गोष्ट मराठवाड्यातच फारशी कोणी सांगत नाही.

या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात शार्ङ्गदेव गायकाची पारख कशी करावी ते सांगतो. चांगल्या गायकाचे गुण देऊन तो थांबत नाही, दोषही मोजून देतो. ते पंचवीस आहेत. दात आवळून गाणारा तो संदष्ट. ओरडून गाणारा उद्घुष्ट. श्वास सूंसूं करत घेणारा सूत्कारी. घाबरत गाणारा भीत. आवाज थरथरणारा कंपित, तोंड भयंकर वासणारा कराली, कावळ्यासारखा कर्कश तो काकी, तालातून सुटणारा विताल. मान उंटासारखी उंच करणारा, मान वाकडी करणारा, डोळे मिटून घेणारा, नाकात गाणारा, शब्द न कळणारा, लक्ष नसलेला, असे एकेकाला त्याने पकडले आहे. ज्याने शेकडो गायक समोर बसवून ऐकले असतील, त्यालाच अशी यादी करता येईल. आज नांदेडच्या किंवा लातूरच्या एखाद्या महाविद्यालयात संगीताच्या प्रवेशासाठी मुलांना ऐकायला बसलेल्या प्राध्यापकाला या यादीत भर घालायला फारसे काही उरत नाही.

पण शार्ङ्गदेवाने आणखी एक गोष्ट वेगळी काढून ठेवली. काही आवाज अभ्यास न करताही राग उभा करतात. ही शक्ती शरीराबरोबरच जन्माला येते, म्हणून तिला त्याने 'शारीर' म्हटले. म्हणजे शिकून आलेले काय आणि मुळात असलेले काय, हा फरक आठशे वर्षांपूर्वी देवगिरीत केलेला होता. संगीत विषयात पदवी घ्यायला आलेल्या मुलाला आधी गाऊन दाखवायला लावावे का, आणि लावलेच तर त्यात नेमके काय ऐकावे, या आजच्या वादाची सगळी गाठ याच फरकात आहे.

लातूर म्हटले की आज महाराष्ट्राला प्रवेशपरीक्षा आठवते. 1970 साली सुरू झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयाने आणि त्याच्या जोडीच्या संस्थांनी 'लातूर पॅटर्न' घडवला. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या परीक्षांसाठी राज्यभरातून मुले तिथे खोली घेऊन राहतात. नांदेडही त्याच वाटेने गेले आहे. या दोन्ही शहरांत गुण, क्रमांक, कटऑफ हे शब्द घरोघरी रोजचे आहेत. मात्र त्याच शहरांत कला शाखेच्या पदवीला संगीत हा विषय घ्यायचा तर सहसा बारावीचे गुणपत्रक पुरते. आवाज कसा आहे, कान कसा आहे, लय सांभाळता येते की नाही, हे वर्ग सुरू झाल्यावर कळते. जिथे दर गोष्टीला चाचणी आहे तिथे गाण्याला मात्र नाही, हे असे का झाले ते समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नांदेड हा जिल्हा होता; लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातले व्यापारी गाव, त्याचा स्वतंत्र जिल्हा 1982 साली झाला. सरकारी शिक्षण उर्दूत. खासगी मराठी शाळा काढायची तर परवानगीचा जाच. 'गश्ती निशान 53' या फतव्याने सभा-संमेलनांवर निर्बंध आले होते. मुंबई-पुण्याच्या भागात संगीत नाटके, गायन समाज, शहरोशहरी निघालेल्या गायनशाळा असे जे काही उभे राहिले, त्याला इथे मोकळी जागाच मिळाली नाही. दरबाराचे संगीत हैदराबादेत होते. नांदेड-लातूरच्या खेड्यात संगीत उरले ते मठात, मंदिरात, गुरुद्वाऱ्यात आणि माजघरात.

आणि तिथे प्रवेशाची चाचणी होती. फक्त तिला कोणी चाचणी म्हणत नव्हते.

एकादशीच्या भजनाला गावातली पोरे येऊन बसत. कोणी त्यांना बोलावत नसे, हाकलतही नसे. एखाद्याच्या हातात टाळ दिला जाई. टाळकऱ्यांच्या ओळीत शेवटी उभे राहून तो अभंगाच्या चालीबरोबर टाळ वाजवू लागला की मृदंग वाजवणाऱ्याचे लक्ष त्याच्याकडे जाई. लय वाढली की पोराचा टाळ पुढे पळतो की मागे रेंगाळतो, चाल बदलली की त्याला ते शेजाऱ्याकडे न बघता कळते का, ध्रुपदाला परत येताना तो बरोबर जागेवर पडतो का, हे सगळे रात्रभरात दिसून येई. चार-सहा एकादश्या अशा गेल्या की म्हातारे गायक त्याला जवळ बसवून म्हणत, सूर धर. मागे नुसता षड्ज धरून राहायचे, दमला तरी खाली उतरायचे नाही. ज्याला हे जमे त्याला पुढे चाली मिळत, ज्याला लय जास्त कळे त्याच्यापुढे मृदंग येई. जमले नाही म्हणून कोणाला भजनातून उठवले जात नसे. तो टाळकरी म्हणून आयुष्यभर त्याच ओळीत राही, आणि त्यात कमीपणा नव्हता.

या शाळेतून काय दर्जाचे कलावंत निघाले याचा दाखला लातूरच्या शेजारीच आहे. बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाई तालुक्यातले आपेगाव. (ज्ञानेश्वरांचे पैठणजवळचे आपेगाव वेगळे.) तिथले शंकरबापू आपेगावकर वारकरी भजनातला पखवाज हातात घेऊन देशाच्या मैफलींपर्यंत पोहोचले आणि भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. त्यांचे चिरंजीव उद्धवबापू यांनी तो वारसा पुढे नेला. लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या नाथ संस्थानाचे चक्रीभजन, देगलूरच्या घराण्याचे कीर्तन, ही त्याच परंपरेची दुसरी ठाणी. नाव नोंदवणारा कारकून तिथे नव्हता, पण कान मात्र कडक होते.

नांदेडला याच्या जोडीला आणखी एक प्रवाह होता. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंग यांनी गोदावरीकाठी देह ठेवला. पुढे महाराजा रणजितसिंगांच्या आश्रयाने सचखंड हजूर साहिबची वास्तू उभी राहिली. तिथले कीर्तन हे रागातले कीर्तन आहे, कारण गुरू ग्रंथसाहिबाची मुख्य रचनाच 31 रागांनुसार केलेली आहे. त्यात नामदेवांची 61 पदे आहेत. मराठवाड्यातल्या नरसीशी ज्यांचे नाव जोडलेले, त्या नामदेवांचे शब्द गोदावरीच्या काठी पंजाबी वळणाने, ठरलेल्या रागात रोज गायले जातात. दूर कुठे संगीताची शाळा निघण्याच्या कितीतरी आधीपासून नांदेडच्या कानावर पहाटेचा आसा राग पडत होता. शब्द आधी, राग त्याच्या सेवेला, हे सूत्र वारकऱ्याचे तसेच रागी मंडळींचे.

शास्त्रोक्त गायनाचा गुरू मिळवणे ही मात्र निराळी गोष्ट होती. घराण्याचा गुरू शिष्याला ऐकून घ्यायचा तो एका बैठकीत नव्हे. भीमसेन जोशी 1933 साली गदगचे घर सोडून गुरूच्या शोधात उत्तरेत भटकले आणि सवाई गंधर्वांनी त्यांना 1936 मध्ये पदरात घेतले. त्यानंतरही पहिला बराच काळ घरकामात गेला. केसरबाई केरकरांनी अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला तो 1921 साली, कितीतरी मनधरणी करून आणि खाँसाहेबांच्या कडक अटी मान्य करून. या परीक्षेत आवाजाइतकीच चिकाटी, घरची ऐपत आणि पुष्कळदा जातकूळही तोलली जाई. परीक्षा खोलवर होती, पण तिचे दार फार थोड्यांना उघडत असे. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला ते दार कुठे आहे हेसुद्धा माहीत नव्हते.

हे दार मोडायचे काम विष्णु दिगंबर पलुसकरांनी केले. कुरुंदवाडला जन्मलेल्या, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या या माणसाने 5 मे 1901 रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. वेळापत्रक, इयत्ता, छापील पुस्तके, फी, परीक्षा. फी भरणारा कोणीही यावा आणि शिकावे. पण याच पलुसकरांनी एक निराळा वर्गही ठेवला होता, उपदेशक वर्ग. त्यात निवडलेली मुले विद्यालयातच राहत आणि वर्षानुवर्षे शिकून स्वतः शिक्षक होण्याचा करार करत. सर्वांसाठी उघडा वर्ग आणि निवडून घेतलेला वर्ग, अशी दोन दारे एकाच छताखाली ठेवण्याची ही दृष्टी फार मोलाची होती. दुर्दैवाने पुढे पहिले दार सगळीकडे पोहोचले आणि दुसरे मागे पडले.

1931 मध्ये पलुसकर गेले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या परीक्षांची शिडी त्याने गावोगावी नेली. स्वातंत्र्यानंतर मराठवाड्यात संगीत पसरले ते मुख्यतः या शिडीवरून. नांदेडला अण्णासाहेब गुंजकरांसारखे गुरू होते. त्यांच्याकडे शिकून 1935 साली नांदेडात जन्मलेले नाथराव नेरळकर तयार झाले. त्यांनी पुढे तेव्हाच्या औरंगाबादेत सरस्वती भुवन महाविद्यालयात संगीत शिकवले, मराठवाड्यात शिष्यांची मोठी फळी उभी केली आणि संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळवला. 2021 मध्ये ते गेले. नांदेडमध्येच शिकून इतकी उंची गाठता येते, हे त्यांनी दोन पिढ्यांना स्वतःच्या गाण्यातून पटवून दिले. त्यांच्याकडे महाविद्यालयाचा वर्ग होता आणि घरची तालीमही होती. वर्गात यादीतला प्रत्येक विद्यार्थी बसे; घरच्या तालमीत शिष्य गुरूच्या कानाखाली वाढे.

परीक्षांच्या शिडीने एक मोठे काम केले: ज्या मुलींना मैफलीत बसू दिले नसते त्या मुली 'विशारद' झाल्या, शाळांत संगीतशिक्षिका झाल्या. हे उपकार विसरू नयेत. पण शिडीचा स्वभाव असा की ती झालेले शिक्षण मोजते. किती राग, किती ताना, किती तालांच्या दुगुणी-चौगुणी. पुढे काय होऊ शकेल ते ती सांगत नाही. त्यात अलीकडे दहावीच्या निकालात शास्त्रीय कलांच्या परीक्षांना वाढीव गुण मिळू लागले. गुणांची भूक असलेल्या शहरांत या परीक्षांना गर्दी होणारच. दहावी झाली की हार्मोनियम माळ्यावर जाते, हे क्लास चालवणारे लोक स्वतःच सांगतात. प्रमाणपत्र हातात असलेला आणि गाण्यात मुरलेला विद्यार्थी एकच असतो, असे मानायला आता जागा उरलेली नाही.

या मुलखाला पहिल्यांदा खरी ऑडिशन भेटली ती आकाशवाणीमुळे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 मध्ये नभोवाणीमंत्री झाले. त्यांच्या काळात कलावंतांची रीतसर श्रवणचाचणी सुरू झाली आणि तिची सूत्रे भातखंडे परंपरेचे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्याकडे गेली. नावाजलेल्या कलावंतांना परीक्षेला बसवले म्हणून मुंबईत मोठा निषेध झाला. हा रोष कितपत रास्त होता हा वेगळा विषय. परभणी, औरंगाबाद, नांदेड ही केंद्रे निघाली तेव्हा मात्र खेड्यातल्या कलावंताला या पद्धतीचा एक फायदा मिळाला: ऐकणारा समोर नसतो, नाव न सांगता आवाज ऐकला जातो. कोणाचा मुलगा, कोणत्या गावचा, अंगावर कपडे काय, हे ध्वनिक्षेपकातून कळत नाही. शिवाय आकाशवाणीने शास्त्रीय, सुगम, भक्तिसंगीत, लोकसंगीत यांचे श्रवण वेगवेगळे ठेवले. भारुड किंवा गोंधळ गाणाऱ्याला ख्यालाच्या मापाने मोजायचे नाही, एवढी समज त्या व्यवस्थेत होती. बी, बी हाय, ए, टॉप अशा श्रेण्या मिळत आणि नापास झालेला पुन्हा येऊ शके.

महाविद्यालयांनी ही समज उचलायला हवी होती. 1958 साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झाले. 1994 साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि पुढे वेगळा झालेला हिंगोली, हा त्याचा पसारा. तिथे ललित आणि प्रयोगजीवी कलांचे संकुल आहे. लातूरच्या दयानंद कला महाविद्यालयासारख्या संस्थांनी पदवीला संगीत टिकवून धरले. मराठवाड्यासाठी ही मोठीच मजल होती. पण कला शाखेतला एक ऐच्छिक विषय म्हणून संगीत आले, तेव्हा इतिहास किंवा राज्यशास्त्राला जो प्रवेशाचा नियम तोच त्यालाही लागला. वर्ग चालू राहायचा तर पटावर संख्या हवी, आणि ऑडिशन घेऊन मुले परत पाठवणे विभागाला परवडत नाही. ही अडचण खरी आहे. तिच्याकडे डोळेझाक करून केवळ दर्जाच्या गप्पा मारणे प्राध्यापकांवर अन्याय करणारे आहे.

पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राने 1987 पासून वेगळी वाट धरली. गुरुकुलाच्या धर्तीवर थोडे विद्यार्थी, आणि प्रवेशाआधी प्रत्यक्ष गाऊन-वाजवून दाखवणे. नांदेड-लातूरचा मुलगा तिथे जातो तेव्हा त्याची गाठ अशा मुलांशी पडते ज्यांना सातव्या वर्षापासून तानपुरा, ताल-सुरातली तालीम आणि घरी येणारा तबलजी मिळालेला असतो. त्याच्याकडे असतो गावच्या भजनात कसलेला गळा आणि पक्की लय. त्याला यमनचा विलंबित ख्याल नीट मांडता येत नाही. परीक्षकाने मांडणी ऐकली तर तो मागे पडतो. शार्ङ्गदेवाचे 'शारीर' ऐकले तर कदाचित तोच सर्वांत पुढे असेल.

चाचणी चुकीची गोष्ट ऐकत असेल तर काय होते याचे प्रसिद्ध उदाहरण इटलीचे आहे. 1832 मध्ये अठरा वर्षांचा जुझेप्पे वेर्दी मिलानच्या संगीतविद्यालयात प्रवेशपरीक्षेला बसला आणि नाकारला गेला. वय जास्त, परप्रांतातला, आणि पियानोवर हात ठेवायची पद्धत बरोबर नाही. तो पुढे इटलीतला सर्वांत मोठा ऑपेराकार झाला आणि त्याच विद्यालयाला नंतर त्याचे नाव दिले गेले. आपल्याकडचे उदाहरण उलट्या बाजूचे, पण शिकवण तीच. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज तरुणपणी अतिश्रमाने बसला. त्या दिवसांत एखाद्या श्रवणमंडळापुढे ते गेले असते तर काय श्रेणी मिळाली असती? त्यांनी बिघडलेल्या आवाजाला झेपेल अशी गायकी घडवली आणि त्यातून जयपूर-अत्रौली घराणे उभे राहिले.

म्हणून ऑडिशन नको, असे यातून निघत नाही. ऑडिशन हवीच, आणि ती मराठवाड्यातल्या मुलाला ऐकणारी हवी. उमेदवाराला त्याला येते ते गाऊ द्यावे: अभंग, गवळण, शबद, पोवाडा, जात्यावरची ओवी. मग परीक्षकाने त्याला कधीच न ऐकलेली चार स्वरांची एक जागा द्यावी आणि परत मागावी. तीच जागा पुन्हा, आणखी एक स्वर वाढवून. तिसऱ्या वेळी ती किती सुधारली, यातून मुलाचा कान कळतो. ठेका लावून मध्येच थांबवावा आणि सम कुठे आली असती ते टाळी देऊन दाखवायला सांगावे. भजनातले पोर इथे क्वचितच चुकते. या सगळ्याला दहा मिनिटे पुरतात. त्यातून कोणाला परत पाठवायचे नसले तरी कोणाला काय शिकवायचे ते ठरते. पलुसकरांच्या दोन दारांसारखे विशेष तालमीचे विद्यार्थीही त्यातूनच निवडता येतात.

शिवाय यात एक साधी, रोजची गरज आहे. मुलगे सामान्यतः पांढरी एक किंवा काळी एकच्या आसपास गातात, मुली काळी चार-पाचला. वर्ग एक, हार्मोनियम एक, आणि तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा. कोणाचीही पट्टी आधी ऐकलेली नसेल तर शिक्षक मधली कुठलीतरी पट्टी धरतात. मग मुली खर्जात पुटपुटतात, मुलगे तार षड्जाला ओरडतात. शार्ङ्गदेवाच्या यादीतला उद्घुष्ट असा वर्गातच तयार होतो, आणि तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडतो. प्रवेशाच्या दिवशी प्रत्येकाला तानपुऱ्यासमोर बसवून षड्ज लावायला सांगितला, त्याची पट्टी अर्जावर लिहून ठेवली आणि तासिका पट्टीप्रमाणे दोन गटांत लावल्या, तर यासाठी विद्यापीठाचा नवा नियम लागत नाही, वेगळा निधीही लागत नाही. येत्या जूनमध्ये नांदेड-लातूरच्या कोणत्याही संगीत विभागाला हे सुरू करता येईल.